उत्तराआधी प्रश्न : जुन्या शिरगणतीचे वाचन

कुळाचा इतिहास शोधणारा माणूस शिरगणतीच्या वहीत आधी नाव शोधतो आणि नाव सापडले की पुढचे सगळे खरे धरून चालतो. घोटाळा इथेच सुरू होतो. शिरगणतीतली प्रत्येक नोंद हे सरकारने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न काय होता, उत्तर कुणी दिले आणि ते कागदावर कुणी उतरवले, हे ठरल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. इंग्लंडच्या १८४१ पासूनच्या वह्यांत माणसांची नावे टिकून आहेत, म्हणून उदाहरणे तिथलीच घेऊ.

१. प्रश्न. १८४१ साली पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे, अशी प्रगणकांना सूचना होती. समजा, एका बाईचे वय १८४१ च्या वहीत ३५ आणि १८५१ च्या वहीत ४८ आहे. सरळ वजाबाकीने जन्मसाल एकदा १८०६ येते, एकदा १८०३. बाई दुसरीच असावी असे वाटते. पण पहिले ३५ म्हणजे ३५ ते ३९ यांपैकी काहीही. शिवाय पहिली गणना ६ जूनची, दुसरी ३० मार्चची; मधे पुरती दहा वर्षे गेलेली नाहीत. हे धरले तर दुसऱ्या वहीत ४४ ते ४९ यांतले कोणतेही वय बसते आणि ४८ चा मेळ लागतो. मात्र काही प्रगणकांनी सूचना पाळली नाही. त्याच पानावर ३७, ४२ अशी वये दिसली, तर हा हिशोब लावू नये.

नात्याचा रकानाही १८४१ मध्ये नव्हता. एका घरातले पुरुष, स्त्री आणि मुले म्हणजे आईबाप आणि लेकरे, असे धरता येत नाही. ती भावंडेही असू शकतात. १८५१ पासून नाते लिहिले गेले, पण ते कुटुंबप्रमुखाशी. प्रमुखाचा मुलगा त्याच्या आताच्या बायकोच्या पोटचा असेलच असे नाही. 'सन-इन-लॉ' हा शब्द तेव्हा सावत्र मुलासाठीही वापरत. पाच वर्षांचा 'जावई' भेटला, तर बाईचे आधीचे लग्न शोधावे.

२. उत्तर. माणूस सांगतो ते त्याला ठाऊक असलेले, किंवा सोयीचे. जन्मगावाच्या जागी कुणी जवळचे मोठे शहर सांगतो, कुणी जिथे वाढला ते गाव. लहानपणी आईबापांच्या घरात झालेली नोंद म्हणूनच पुढच्या नोंदींपेक्षा वजनदार मानावी.

३. लेखन. १८४१ ते १९०१ च्या ज्या वह्या मिळतात, त्या प्रगणकांनी घरोघरच्या पत्रकांवरून केलेल्या नकला आहेत. मूळ पत्रके नष्ट झाली. पुढे बेरजा करणाऱ्या कारकुनांनी वयांवर रेघा ओढल्या, त्यामुळे ३ चा ८ वाटतो. १९११ ची मात्र मूळ पत्रके टिकली. त्यांत विवाहित स्त्रीला लग्नाची वर्षे, झालेली मुले, हयात मुले आणि गेलेली मुले विचारली होती. इतर नोंदींत हयात मुलांचीच नावे सापडली, तर गेलेल्यांचा हा आकडाच पुढच्या शोधाची दिशा देतो.

४. उणीव. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची पत्रके १९४२ च्या आगीत जळाली. १९४१ साली युद्धामुळे गणनाच झाली नाही. तिथे नाव न मिळणे हा माणूस नसल्याचा पुरावा नव्हे.

आपल्याकडे १८८१ ते २०११ दर दहा वर्षांनी गणना झाली, पण संशोधकाच्या हाती येतात ते कोष्टकांचे खंड. आजोबांचे नाव त्यांत नसते. १९४८ च्या जनगणना कायद्यानेही वैयक्तिक नोंदी पाहायला खुल्या ठेवलेल्या नाहीत. म्हणून मराठी माणूस नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे वळतो. कसोटी तिथेही हीच. यात्रेला कोण आला, त्याने कुणाची नावे सांगितली आणि कुणाची सांगण्याची रीतच नव्हती, हे आधी विचारावे. वंशावळीत आजोबांना बहीण दिसत नाही, याचा अर्थ त्यांना बहीण नव्हती असा होत नाही.