मालवणच्या पाण्यातले दगडी नांगर

१६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले. पाण्याखालचे खडक हाच त्याचा पहिला तट. पण आपल्या गलबतांनाही तिथेच नांगरायचे होते. किल्ल्याभोवतीच्या समुद्रतळावर दगडी नांगर सापडले आहेत. पश्चिम किनाऱ्यावर आढळणाऱ्या ‘इंडो-अरेबियन’ नांगराची घडण पाहण्याजोगी: लांबट चौकोनी दगड, वर दोरासाठी गोल भोक, खाली काटकोनात दोन चौकोनी भोके. त्यांत लाकडी दांडे ठोकत. वाळूत ते रुतत. खडकात वा प्रवाळात अडकले, तर नांगर वर येत नसे आणि दोर घासून तुटे. सापडलेले काही नांगर असेच गमावलेले असावेत. खडकांमधली वाळू ओळखणारा तांडेल म्हणूनच मोलाचा. १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर टाकलेला लोखंडी नांगर आता प्रवाळच मोडतो.