तीन बालकृष्ण

भिलाईच्या ज्या वसाहतीत सध्या आमचे बिऱ्हाड आहे, तिचे नाव स्मृतिनगर. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला हे नाव फार अर्थपूर्ण वाटते. गावाकडचे सण, गावाकडची गाणी, गावाकडचे जुने चित्रपट यांच्या आठवणी बरोबर घेऊनच आपण मराठी माणसे या मुलखात आलो. गोकुळाष्टमी आली की येथील एखाद्या मराठी घरातला मुलगा पीतांबर नेसून, डोक्यात मोरपीस खोवून उभा राहतो. “अगदी कृष्ण दिसतो हो!” असे शेजारीपाजारी म्हणतात आणि त्याच्या आईचा ऊर भरून येतो. अशा वेळी माझ्या मनात एक प्रश्न डोकावतो. ज्या मुलांना एकेकाळी साऱ्या महाराष्ट्राने पडद्यावर कृष्ण म्हणून पाहिले, त्यांचे मोठेपणी काय झाले?

मराठी चित्रपटसृष्टीच्या पहिल्या पाव शतकात असे तीन कृष्ण ठळकपणे दिसतात. त्यांतला पहिला कृष्ण मुलगी होती.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. ती भूमिका साळुंके नावाच्या तरुणाने केली. मरणाचा प्रसंग असलेल्या रोहिदासाच्या भूमिकेसाठी कोणी आपला मुलगा देईना, तेव्हा दादासाहेबांनी स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा केला. चित्रपटाच्या या यज्ञात घरातली माणसे अशी एकामागून एक ओढली गेली. सरस्वतीबाईंनी तर पाककृतीच्या बरोबरीने फिल्म धुण्याची विद्या आत्मसात केली. पुढे १९१९ साली ‘कालिया मर्दन’ निघाला आणि त्यात दादासाहेबांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. चित्रपटाच्या आरंभी ही चिमुरडी मुखावरचे निरनिराळे भाव करून दाखविते आणि मग कृष्णवेषात प्रकट होते. ज्या देशात सहा वर्षांपूर्वी पुरुषाला तारामती व्हावे लागले, तेथे आता एक मुलगी कृष्ण झाली होती! पण सात वर्षांची मुलगी कृष्ण झालेली समाजाला चालली, तरी सतरा वर्षांच्या कुलीन मुलीने राधा होणे त्याला रुचले नसते. मंदाकिनीची पडद्यावरची ओळख बालपणापुरतीच राहिली. ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग आज उपलब्ध आहे, आणि त्यात ती अजूनही कालियाच्या फणांवर नाचते आहे. इतिहासग्रंथांतही ती सात वर्षांचीच राहिली आहे.

दुसरा कृष्ण बोलपटाच्या काळातला. भालजी पेंढारकरांनी १९३२ साली ‘श्यामसुंदर’ दिग्दर्शित केला. मुंबईत तो पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. त्यातला कृष्ण होता शाहू मोडक. २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) एका ख्रिस्ती कुटुंबात त्याचा जन्म झाला होता आणि त्या वेळी त्याचे वय अवघे चौदा होते. महाराष्ट्राने त्याचा धर्म पाहिला नाही, मुखावरची कोवळीक पाहिली, ही गोष्ट आपल्याला भूषणावह आहे. दुसऱ्याच वर्षी त्याने ज्या चित्रपटात दुहेरी भूमिका केली, त्याचे नाव होते ‘औट घटकेचा राजा’. बालनटाच्या भाग्यावर याहून नेमके भाष्य कोणते असेल?

शाहू मोडकांचे राज्य मात्र औट घटकेचे ठरले नाही. १९३९ च्या ‘माणूस’मधला गणपत हवालदार आणि १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मधली शीर्षकभूमिका यांनी त्यांचे अभिनयसामर्थ्य सिद्ध केले. तरीही कृष्णाने त्यांना सोडले नाही. दोन-अडीच डझन वेळा ते कृष्ण झाले असे म्हणतात. मिसरूड फुटलेल्या कृष्णालाही लोक हात जोडीत. पुढे ज्योतिषाच्या अभ्यासात त्यांनी मन रमविले आणि मे १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. बालपणी मिळालेला मुकुट त्यांनी जन्मभर निष्ठेने वागविला, पण त्या मुकुटाखालच्या नटाची ओळख किती थोड्यांना होती!

तिसरा कृष्ण राम मराठे. जन्म पुण्यात, २३ ऑक्टोबर १९२४ चा. मुंबईच्या सागर मूव्हीटोनच्या ‘मनमोहन’मध्ये (१९३६) तो प्रथम चमकला आणि १९३८ साली प्रभातच्या ‘गोपालकृष्ण’ या चित्रपटात दामले-फत्तेलालांनी त्याला कृष्ण केले. त्यात राधा होती शांता आपटे. ‘श्यामसुंदर’मध्ये शाहूबरोबर बालराधा झाली होती तीच ही. पुढच्याच वर्षी ‘माणूस’मध्ये हे दोन्ही कृष्ण एकत्र आले. थोरला पोलीस झाला होता आणि धाकटा चहा पोचविणारा पोऱ्या. मोरपिसे दोघांचीही उतरली होती.

कंठ फुटण्याचे वय हे गाणाऱ्या बालनटाचे मरण, ही आपल्या नाटकमंडळ्यांची जुनी समजूत. ज्या आवाजावर टाळ्या पडतात तोच एके सकाळी घोगरा होतो, आणि कालपर्यंत कडेवर घेणारे लोक दुसऱ्या पोराच्या शोधाला लागतात. रामच्या दैवात मात्र एक गोष्ट चांगली होती. ‘गोपालकृष्ण’चे संगीत मास्तर कृष्णरावांचे होते, आणि चित्रपटाने त्याला प्रसिद्धीबरोबर हा गुरूही मिळवून दिला. प्रसिद्धी ओसरली, गुरू राहिला. मग सुरू झाली विद्येसाठी वणवण. यशवंतबुवा मिराशी, वामनराव सडोलीकर, विलायत हुसेन खाँ, ‘गुणीदास’ जगन्नाथबुवा पुरोहित. ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तीन निरनिराळ्या गायकींचे हे धनी. ज्याची छबी गावोगावच्या चित्रपटगृहांत झळकली होती, तो तरुण गुरूंच्या दारी पुन्हा ‘सा’ लावीत बसला. कीर्ती मिळविण्यापेक्षा मिळालेली कीर्ती बाजूला ठेवून शिष्य होणे कठीण, हे आपणा नोकरपेशांच्या चटकन ध्यानात येईल. हुद्दा गेल्यावर नव्याने शिकायला बसणारे आपल्यात किती निघतील?

या तपश्चर्येचे फळ मोठे होते. मैफलींत पंडित राम मराठे हे नाव आदराने घेतले जाऊ लागले. विद्याधर गोखल्यांचे ‘मंदारमाला’ १९६३ साली रंगभूमीवर आले तेव्हा त्याचे संगीत त्यांनीच दिले होते आणि प्रमुख भूमिकाही त्यांचीच होती. प्रसाद सावकारांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंदीला नाट्यगृहे दुमदुमत. त्या टाळ्या प्रौढ गवयाच्या विद्येला होत्या. प्रभातच्या गोजिरवाण्या मुलाची आठवण त्यासाठी कोणाला काढावी लागली नाही. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी ते निवर्तले. ठाणे शहरात त्यांच्या नावाने स्मृतिसंगीतमहोत्सव भरतो. तो गवयाचा महोत्सव आहे, बालनटाचा नव्हे. यातच त्यांच्या आयुष्याचे सार आले.

या तिघांत डावेउजवे करावे असा माझा हेतू नाही. मंदाकिनीपुढे वाटच नव्हती, शाहूंना लोकांच्या भक्तीने अडविले, आणि रामला वेळीच गुरू भेटला. तिघांनाही मुकुट मोठ्यांनीच चढविला होता. मुलाच्या गुणांचे कौतुक करावे, यात शंका नाही. परंतु कौतुकाबरोबर त्याच्या हाती एखादी विद्याही ठेवावी, म्हणजे कौतुक संपल्यावर तो रिता राहणार नाही. स्मृतीला बालकृष्णच प्रिय असतो. मुलाला मात्र मोठे व्हायचे असते. येत्या अष्टमीला शेजारच्या कृष्णाचे मोरपीस उतरल्यावर त्याला जवळ बोलावून विचारीन म्हणतो, “बाळ, सध्या शिकतोस काय?”