तेरेझिनची शाळा

गेल्या वर्षी तीन दिवसांसाठी प्रागला जाण्याचा योग आला. स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन लिहायचे ठरले, पण १३५७ साली बांधायला घेतलेला चार्ल्स पूल किंवा १४१० सालचे खगोलीय घड्याळ यांची वर्णने प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांतही मिळतात. मला सांगायचे आहे ते एका शाळेबद्दल. आपल्या स्मरणिकेत तिला जागा असावी असे वाटते.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातली अनेक शहरे बेचिराख झाली, प्राग मात्र बरेचसे वाचले. जुन्या इमारती, गल्ल्या, चौक जागच्या जागी आहेत. तिथली माणसे किती गेली, हे कळते योझेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीत. तिथल्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर वरपासून खालपर्यंत नुसती नावे लिहिलेली आहेत. बोहेमिया आणि मोराविया या प्रांतांतले सुमारे ७८,००० ज्यू नाझींच्या हातून मेले, त्यांची ही नावे. पन्नासच्या दशकात ती रंगवली गेली. पुढे भिंतींना ओल आली म्हणून १९६८ मध्ये इमारत बंद झाली, ती कम्युनिस्ट राजवट जाईपर्यंत उघडली नाही. नव्वदच्या दशकात सगळी नावे पुन्हा एकेक करून हाताने लिहून काढली. माडीवर मुलांची चित्रे मांडली आहेत. फुलपाखरे, घरे, जेवणाचे टेबल, आगगाडी. खाली मुलाचे नाव आणि ठिकाण एकच : तेरेझिन.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेरेझिनला गेलो. प्रागपासून उत्तरेला साठेक किलोमीटर, बसने तासाभराचा रस्ता. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८० मध्ये हे तटबंदीचे गाव वसवायला घेतले आणि आई मारिया थेरेसा हिचे नाव त्याला दिले. शेजारच्या छोट्या किल्ल्यात तुरुंग होता. पहिल्या महायुद्धाची कारणे पाठ करताना आपण साराजेव्होच्या ज्या गाव्रिलो प्रिन्सिपचे नाव घोकले, तो १९१८ मध्ये याच तुरुंगात मेला.

नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी या गावात ज्यूंना आणून कोंडायला सुरुवात केली. जिथे युद्धापूर्वी सैनिकांसह सातेक हजार लोक राहत, तिथे सप्टेंबर १९४२ मध्ये ५८,००० हून अधिक माणसे होती. एकूण सुमारे १,४०,००० ज्यू इथे आणले गेले. त्यांतले ३३,००० च्या आसपास इथेच उपासमारीने आणि रोगराईने गेले. जवळजवळ ९०,००० लोकांना पुढे पूर्वेकडे, मुख्यतः आउशवित्झला, पाठवले. तेरेझिनमध्ये विषारी वायूच्या कोठड्या चालवल्या गेल्या नाहीत. ते मृत्यूच्या वाटेवरचे स्थानक होते.

इथले संग्रहालय ज्या इमारतीत आहे ती मुळात गावची शाळा. छावणीच्या काळात तिचा क्रमांक होता एल ४१७, आणि दहा ते पंधरा वर्षांची मुलगे तिथे आईवडिलांपासून वेगळे राहत. चित्रकला, गाणी, खेळ चालत; पण अभ्यास शिकवायला बंदी होती. म्हणजे शाळेच्या इमारतीत, शाळेच्या वयाची मुले, आणि शिकवणे गुन्हा. तरीही शिकवणे चालले होते. दाराशी एक मूल पहाऱ्याला उभे राही, आणि कुणी अधिकारी येतोय असे दिसले की वर्ग मोडून मुले झाडलोट करू लागत.

पहिल्या क्रमांकाच्या खोलीचे प्रमुख होते वाल्टर आयसिंगर हे तरुण शिक्षक. त्यांच्या मुलांनी ‘वेदेम’ नावाचे साप्ताहिक काढले. चेक भाषेत त्याचा अर्थ ‘आम्ही पुढे नेतो’. आपल्या शाळेतल्या हस्तलिखिताची आठवण व्हावी असाच तो प्रकार : प्रत एकच, लेख मुलांचे, चित्रे मुलांची. दर शुक्रवारी संध्याकाळी ती सर्वांसमोर मोठ्याने वाचली जाई. त्यात कविता होत्या, विनोद होते, एकमेकांच्या खोड्याही होत्या. सुमारे आठशे पाने तयार झाली. खोलीतला एकच मुलगा शेवटपर्यंत तेरेझिनमध्ये राहिला. त्याने ती पाने लपवून ठेवली आणि युद्ध संपल्यावर प्रागला नेली.

‘वेदेम’चा संपादक होता पेत्र गिन्झ. त्याचे वडील ज्यू, आई ज्यू नव्हती. अशा मुलांना चौदा वर्षे पूर्ण झाली की छावणीत पाठवत. म्हणून तो १९४२ मध्ये एकटाच आला. त्याने चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचे एक चित्र काढले होते. १९४४ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याला आउशवित्झमध्ये मारले. त्या चित्राची प्रत २००३ मध्ये इस्राएलचे अंतराळवीर इलान रामोन ‘कोलंबिया’ यानातून घेऊन गेले. त्याच यानात आपली कल्पना चावला होती. १ फेब्रुवारीला यान कोसळले. त्या दिवशी पेत्रला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली असती. ती बातमी ऐकून प्रागमधल्या एका माणसाला आपल्या घरात सापडलेल्या जुन्या वह्या आठवल्या. ती पेत्रची रोजनिशी निघाली.

पिंकासमध्ये पाहिलेल्या चित्रांमागेही एक शिक्षिका होत्या. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या बाउहाउसमध्ये शिकलेल्या चित्रकार. छावणीत जे कागद मिळतील त्यांवर त्यांनी शेकडो मुलांकडून चित्रे काढून घेतली. प्रत्येक चित्रावर मुलाने आपले नाव लिहिलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउशवित्झला नेले. जाण्यापूर्वी सुमारे साडेचार हजार चित्रे त्यांनी दोन पेट्यांत भरून मागे ठेवली होती. त्या परतल्या नाहीत. आयसिंगर सरही युद्धाच्या अखेरीपर्यंत जगले नाहीत.

आता जे सांगतो आहे ते वाचून मी त्या संग्रहालयात बराच वेळ खिळून राहिलो. २३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे पथक तेरेझिन पाहायला येणार होते. गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात साडेसात हजार लोकांना आउशवित्झला रवाना केले. घरे रंगवली, गुलाब लावले. पाहुण्यांना मुलांची ‘ब्रुंडिबार’ ही संगीतिका दाखवली. तिचे संगीतकार हान्स क्रासा यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ठार केले. आणि एका इमारतीवर पाटी लावली : ‘मुलांची शाळा’. तिथे दुसरी सूचनाही होती : ‘सुट्टीनिमित्त बंद’. पथक पाहून समाधानाने परत गेले.

खरी शाळा चोरून भरत होती आणि खोट्या शाळेची पाटी राजरोस झळकत होती. फसवणाऱ्यांनाही ठाऊक होते की गाव माणसांचे वाटायचे असेल तर शाळा दिसली पाहिजे.

आपल्या वेळी अभ्यासाचे प्रयोजन साधे होते : वार्षिक परीक्षा, मॅट्रिकचा निकाल, पुढे नोकरी. एल ४१७ मध्ये यातले काहीच नव्हते. परीक्षा नव्हती, दाखला नव्हता, आणि पुढची गाडी कुणाला घेऊन जाईल हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. तरी मुलांना क्रमांक झुगारून आपले नाव लिहायला लावणारे आणि त्यांचे लेखन मन लावून ऐकणारे शिक्षक तिथे होते. वर्गात आपली हजेरी घेतली जाई, तेव्हा नाव पुकारले जाणे ही किती मोठी गोष्ट आहे हे आपल्याला कुठे ठाऊक होते?

आज या मेळाव्याला आलेल्या सर्व गुरुजनांना तेरेझिनच्या या शिक्षकांची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठीच हे लिहिले. निदान त्यांची नावे तरी आपल्याला माहीत असावीत : वाल्टर आयसिंगर, फ्रीडल डिकर-ब्रँडाइस.