काजळाची गोष्ट: नाईलकाठापासून नर्मदाकाठापर्यंत

इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया आणि राजे आठवतात. आज मी तुम्हाला सांगणार आहे ती गोष्ट आहे डबीतल्या काजळाची. ही गोष्ट पाच हजार वर्षांहून जुनी आहे आणि ती आजही आपल्या घरातल्या पाळण्यापर्यंत येऊन पोचते. म्हणून नीट ऐका.

इजिप्त हा आफ्रिकेतला वाळवंटी देश. आपल्याकडे तापीकाठी जशी गावं वसली, तशी तिथे नाईल नदीच्या काठानं वस्ती झाली. तिथली माणसं फार जुन्या काळापासून डोळे रंगवत होती, आणि नुसत्या बायाच नाहीत, पुरुषसुद्धा. आधी हिरवा रंग जास्त चालायचा. तो मॅलाकाईट नावाच्या तांब्याच्या हिरव्या दगडापासून करत. पुढे काळा रंग वरचढ ठरला. तो गॅलेना या शिशाच्या काळ्या, चमकदार दगडापासून होई. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर गेबेल झैत इथे या दगडाच्या खाणी होत्या. दगड पाटीवर वाटायचा, चरबीत नाहीतर पाण्यात कालवायचा आणि काडीनं डोळ्यांत घालायचा. अशा पाट्या साध्या माणसांच्या कबरींतही सापडल्या आहेत. मेल्यावरही डोळे रंगवायचं सामान सोबत असावं, असं त्यांना वाटायचं. नारमेर राजाची इ.स.पू. ३१०० च्या सुमाराची प्रसिद्ध पाटी कैरोच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर राजाच्या विजयाची चित्रं कोरली आहेत, पण घडण मात्र रंग वाटायच्या पाटीचीच आहे.

हे सगळं फक्त नटण्यासाठी नव्हतं. वाळवंटातलं ऊन, उडणारी धूळ, माश्या आणि नदीला पूर आल्यावर येणारे डोळ्यांचे आजार यांपासून बचाव व्हावा, अशीही भावना होती. वाईट नजर लागू नये, हेही होतंच. इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या वैद्यकाच्या गुंडाळीत डोळ्यांच्या औषधांचा मोठा भाग आहे. म्हणजे शृंगार, औषध आणि दृष्ट, तिन्ही एकाच डबीत. आपल्या आजीचा विचार तरी याहून कुठे वेगळा होता?

आता हे काजळ आपल्या अंगणापर्यंत कसं आलं ते पाहू. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या उत्तरेनं नर्मदा वाहते आणि पुढे भरुचजवळ समुद्राला मिळते. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी भरुच हे मोठं बंदर होतं. इजिप्तहून जहाजं इथे यायची. त्या वाटेची माहिती देणारं 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक भाषेतलं पुस्तक आहे. इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका व्यापाऱ्यानं ते लिहिलं, पण त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. भरुचला कोणता माल उतरतो याची यादी त्यात आहे: दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, आणि त्यातच डोळ्यांत घालायचं दगडी अंजनही. पैठण आणि तेर इथला माल गाड्यांवर लादून भरुचला जाई, असंही तो सांगतो. आपलं कापड तिकडे जात होतं आणि तिकडचं अंजन इकडे येत होतं.

अंजन आपल्याला नवं होतं असं मात्र नाही. चरकसंहितेत सौवीरांजन रोज डोळ्यांत घालावं असं सांगितलं आहे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे काळं दोन तऱ्हेचं. एक दगडाचं, म्हणजे अंजन किंवा सुरमा. दुसरं दिव्याच्या काजळीचं, म्हणजे आपलं घरचं काजळ. तुपाचा नाहीतर एरंडेलाचा दिवा लावायचा, वर पितळी ताट उपडं धरायचं, जमलेली काजळी खरवडून तुपात किंवा लोण्यात कालवायची. हीच काजळी जुन्या पोथ्यांच्या शाईत गेली आणि गोंदणाऱ्या बाईच्या सुईलाही लागली. आपल्या भिल बायांच्या डोळ्यांच्या कडेला जे गोंदण असतं, ते म्हणजे कधीच न पुसणारं काजळ म्हणा ना.

आता मुद्द्याची गोष्ट. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्तच्या काजळाच्या जुन्या डब्या आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांतली भुकटी तपासली. १९९९ मध्ये त्यांनी सांगितलं की त्यात शिशाचे काही क्षार मुद्दाम तयार करून घातलेले होते. २०१० मध्ये आणखी एक अभ्यास आला. अगदी थोड्या शिशामुळे शरीराची जंतूंशी लढायची ताकद जागी होत असावी, असं प्रयोगशाळेत दिसलं. हे ऐकून कुणी म्हणेल, मग सुरमा चांगलाच की! पण तो प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवर होता, तान्ह्या बाळावर नव्हे. शिसं अंगात साठत जातं. लेकरानं डोळा चोळला आणि तेच बोट तोंडात घातलं की ते पोटात जातं. त्यानं रक्त कमी होतं आणि वाढत्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि पुडीतला सुरमा शिशाचा आहे की कशाचा, हे नुसतं बघून तुम्हाआम्हाला कळत नाही.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की वाद होतोच. आज्या म्हणतात, काजळानं डोळे मोठे होतात, आमच्या पोरांना काय झालं? सुना म्हणतात, आशाताई नको म्हणतात. मला विचाराल तर आशाताईंचं ऐका. काजळानं डोळा मोठा होत नाही. घरचं शुद्ध काजळ असलं तरी बोटावरचे जंतू बाळाच्या डोळ्यात जातात आणि पाणी वाहायची बारीक नळी बुजू शकते. डोळे आले, चिपडं धरली, तर घरचं औषध करत बसू नका, दवाखान्यात न्या. पण आजीच्या मनातली दृष्टीची भीती हसण्यावारी नेऊ नका. ती भीती मायेतून येते. तीट लावायचीच असेल तर घरच्या काजळाची, बाळाच्या कानामागे, जिथे त्याचा हात जात नाही. डोळ्यांत मात्र नाही.

आणखी एक. काही गट काजळ करून सारंगखेड्याच्या यात्रेत विकायचा विचार करतात. कल्पना चांगली आहे, पण काजळ हे सौंदर्यप्रसाधन आहे. ते विक्रीसाठी बनवायला सरकारी परवाना लागतो, आणि रंगासाठी शिसं वापरायला कायद्यानं बंदी आहे. आधी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करा, मगच भांडवल घाला. आणि विकत घेताना डबीवर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक आणि तारीख बघा. सुटी पुडी घेऊ नका.

इजिप्तच्या बायांना शिशाचं विष ठाऊक नव्हतं. त्यांनी हाताशी होतं त्यातून लेकरांचे डोळे जपायचा प्रयत्न केला. आपल्याला ठाऊक आहे. मोठ्या बायांनी हवं तर काजळ घालावं, नटावं. पाळण्यातल्या डोळ्यांना तेवढं निवांत राहू द्या. या महिन्याच्या बैठकीत हा विषय काढा, आणि आज्यांना आधी बोलू द्या.