अमेरिकेच्या पूरविम्यात संसाराचे स्थान

पुराची वार्ता सांगताना मराठी माणूस 'संसार वाहून गेला' असे म्हणतो. अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, धान्याचे डबे, मुलांची पाटी-पुस्तके हे सारे त्या एका शब्दात येते. भिंती उभ्या राहिल्या म्हणून त्या विधानास बाध येत नाही. अमेरिकेच्या पूरविम्याच्या कायद्यात याच वस्तूंना 'कंटेंट्स' ही संज्ञा आहे. इमारतीच्या पोटात जे असेल ते, एवढाच तिचा अर्थ. वस्तूंची ओळख येथे त्यांच्या धन्यावरून होत नाही, ज्या वास्तूत त्या आहेत तिच्यावरून होते. हा भेद केवळ शब्दांचा नाही, असे त्या कायद्याचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

1920 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील काही आगविमा कंपन्या पुराचाही विमा उतरवीत असत. 1927 साली मिसिसिपीला आलेला महापूर आणि पुढील वर्षीचे पूर यांनी हा व्यवहार बहुतांशी संपुष्टात आणला. कारण उघड आहे. आगीत एखादे घर जळते व उरलेल्या गावाच्या हप्त्यांतून त्याची भरपाई होते. पुरात गावच्या गाव एका रात्रीत बुडते. 'विमा' या आपल्या शब्दाचे मूळ भय या अर्थाच्या फारसी 'बीम' शब्दात सांगतात. नदीकाठचे हे भय वाटून घेण्यास उंचावरचा रहिवासी तयार होत नाही. विमा मागतो तो काठावरचाच. मग हप्ता जोखमीइतका ठेवावा तर त्याला तो झेपत नाही आणि झेपेल इतका ठेवावा तर कंपनी बुडते. पूरविम्याच्या किमतीचा पुढील सर्व वाद या एका पेचातून निघालेला आहे.

1956 साली संघराज्याने पूरविम्याचा कायदा केला, परंतु काँग्रेसने त्यासाठी पैसाच मंजूर न केल्याने तो कागदावर राहिला. 1965 च्या सप्टेंबरात 'बेट्सी' वादळाने न्यू ऑर्लिन्सची दैना केली, तेव्हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. भूगोलशास्त्रज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांचा या काळातील इशारा महत्त्वाचा आहे. स्वस्त विमा मिळू लागला तर लोक पूरक्षेत्रात अधिकच घरे बांधतील, ही त्यांची भीती रास्त होती. 1968 च्या राष्ट्रीय पूरविमा कायद्यात म्हणूनच एक सौदा दिसतो. जुन्या घरांना सवलतीचा हप्ता मिळावा, पण स्थानिक शासनाने नव्या बांधकामावर निर्बंध घालावेत. येथे कायद्याची नजर इमारतीवर खिळली. ती कोठे उभी आहे, तिचे जोते किती उंच आहे, हेच प्रश्न मुख्य झाले. एका कुटुंबाच्या घरासाठी सवलतीच्या विम्याची मर्यादा 17,500 डॉलर ठरली. आतील सामानासाठी 5,000.

लोकांनी विमा आपखुशीने घ्यावा ही अपेक्षा मात्र फसली. 1972 साली 'अ‍ॅग्नेस' वादळाचे पूर आले तेव्हा फारच थोड्या पूरग्रस्तांपाशी विमापत्र होते. पुढच्याच वर्षी कायद्याने सक्ती आली. पण ती कोणावर? पूरक्षेत्रातील घर तारण ठेवून कर्ज घेणाऱ्यावर. राखावयाचे होते ते तारण, आणि तारण म्हणजे सामान्यतः इमारत. खाटपलंग व कपाटे क्वचितच तारण असतात, म्हणून त्यांच्यासाठी सक्ती नाही. भाडेकरू तर या हिशेबात येतच नाही. त्याला केवळ सामानाचा विमा घेता येतो, पण तशी आठवण करून देणारी बँक त्याच्यामागे नसते.

आजच्या विमापत्रातही हे दुय्यमत्व पदोपदी दिसते. 1994 च्या सुधारणेने घराची मर्यादा अडीच लाख डॉलर व सामानाची एक लाख केली. ती अद्याप तशीच आहे. सामानाचा विमा वेगळा मागावा लागतो, त्याचा हप्ता वेगळा, आणि नुकसानीतील धन्याने सोसावयाचा प्रारंभीचा भागही वेगळा. धनी स्वतः राहत असलेल्या घरास, पुरेसा विमा असल्यास, नव्याने दुरुस्तीचा खर्च मिळतो; सामानाची किंमत मात्र घसारा वजा करून दिली जाते. दहा वर्षे वापरलेल्या गादीचे अशा हिशेबाने काय मिळणार! दागिने, चित्रे इत्यादींना मिळून अडीच हजार डॉलरांची कमाल आहे. तळघरातील सामान तर, कपडे धुण्याच्या यंत्रासारखे मोजके अपवाद सोडल्यास, विम्याबाहेरच राहते. आणि पाणी प्रथम शिरते ते तेथेच.

1 ऑक्टोबर 2021 पासून हप्ता ठरविण्याची नवी पद्धत सुरू झाली. पूर्वीच्या नकाशांतील विभागांऐवजी पाण्यापासूनचे अंतर, घराच्या पुनर्बांधणीचा खर्च आदी गोष्टी प्रत्येक घरागणिक विचारात घेतल्या जातात. सवलत हळूहळू विरत जाणार. बहुतेक राहत्या घरांच्या हप्त्यात वर्षाकाठी 18 टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही, एवढाच आधार. हप्ता वाढला की ऐच्छिक भागावर प्रथम कात्री चालविण्याचा मोह होणार, आणि कर्जदाराच्या दृष्टीने ऐच्छिक भाग म्हणजे सामानच होय.

याच वर्षी, 1 एप्रिल 2021 पासून, भारतात 'भारत गृह रक्षा' हे नमुना विमापत्र लागू झाले. पुराची जोखीम त्यात अंतर्भूत आहे. घराचा विमा उतरविला की सामान्य गृहोपयोगी वस्तूंना आपोआप संरक्षण मिळते, हा त्यातील इष्ट फरक. परंतु त्या संरक्षणाचे माप इमारतीच्या विमारकमेच्या 20 टक्के, फार तर 10 लाख रुपये, असे घराच्या किमतीवरूनच काढलेले आहे. त्याहून अधिक हवे असल्यास वस्तूंचा तपशील विमेदाराने स्वतः द्यावयाचा असतो.