नव्या डॉक्टरची नोंदवही

दारीं आलेला डॉक्टर खरोखरीच शिकलेला आहे कीं नाहीं, हें रुग्णानें कसें ओळखावें? सोनें कसोटीस लावून पाहतां येतें, शिंप्याचें शिवण अंगावर चढवून पाहतां येतें. परंतु डॉक्टरच्या विद्येची परीक्षा रुग्णाला स्वतःच्या देहावरच पाहावी लागते, आणि तिचा निकाल वाईट लागला तर तक्रार करावयास तो उरेलच असें नाहीं. म्हणून ही परीक्षा दुसऱ्या कोणीतरी आधींच पाहावी आणि तिचा लेखी पुरावा ठेवावा, अशी व्यवस्था समाजानें केली. नुकतीच पदवी घेतलेल्या डॉक्टरनें आपण काय पाहिलें, काय केलें व त्यांतून काय उमगलें याची नोंद अभ्यासक्रमाच्या कलमांबरहुकूम ठेवावी, हा आजचा रिवाज त्या व्यवस्थेचेंच फळ आहे. इंग्लंडांत ही रीत कशी वाढली याचा इतिहास दोनशें वर्षांचा आहे, आणि मुंबईच्या वैद्यकीय पदवीलाही त्याची झळ एकदां लागलेली आहे.

या इतिहासाचा आरंभ १८१५ च्या अपॉथेकरी कायद्यापासून धरतां येईल. औषधें बनवून देणारा आणि सामान्य कुटुंबाच्या दुखण्याखुपण्यास धांवून येणारा अपॉथेकरी हाच त्या वेळीं इंग्लंडांतील बहुतेकांचा डॉक्टर होता. हा धंदा करूं इच्छिणारास या कायद्यानें पांच वर्षांची उमेदवारी आवश्यक केली आणि लंडनच्या अपॉथेकरी मंडळाच्या परीक्षकांपुढें उभें राहण्याची सक्ती केली. परीक्षेस येतांना उमेदवारीचा, व्याख्यानें ऐकल्याचा आणि रुग्णालयांत कांहीं महिने हजर राहिल्याचा पुरावा बरोबर आणावा लागे.

इंग्रजी काव्याच्या वाचकांस सुपरिचित असलेला जॉन कीट्स याच मार्गानें गेला. एडमंटन येथील एका वैद्याकडे उमेदवारी करून तो ऑक्टोबर १८१५ मध्यें लंडनच्या गायज् हॉस्पिटलांत दाखल झाला. तेथें शस्त्रवैद्याच्या हाताखालीं जखमा बांधण्याचें काम त्यानें केलें आणि २५ जुलै १८१६ रोजीं तो मंडळाच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाला. त्याची शरीरशास्त्राची टिपणवही आजही जपून ठेवलेली आहे. तिच्या समासांत मधूनमधून फुलें रेखाटलेलीं आढळतात. कायद्याला हवे होते ते दाखले: इतके महिने, इतकीं व्याख्यानें. विद्यार्थी वर्गांत बसला होता एवढें दाखला सांगे. त्याचें चित्त कोठें होतें हें ती वही सांगते. दाखला आणि वही यांमधील हें अंतर पुढें दोन शतकें वैद्यकशिक्षणाची पाठ सोडणार नव्हतें.

१८५८ च्या वैद्यक कायद्यानें या व्यवस्थेस व्यापक रूप दिलें. तोंपर्यंत परवाने देणाऱ्या संस्था अनेक होत्या, आणि कोणाचा परवाना किती मोलाचा याचा सामान्य माणसाला थांग लागत नसे. शिकलेला डॉक्टर व न शिकलेला डॉक्टर यांतील भेद लोकांस कळावा, हा हेतु नमूद करून या कायद्यानें ‘जनरल मेडिकल कौन्सिल’ ही संस्था निर्माण केली आणि मान्यताप्राप्त डॉक्टरांच्या नांवांचा नोंदणीपट ठेवण्याचें काम तिच्याकडे सोंपविलें. पहिला पट १८५९ सालीं छापून निघाला. पुढें १८८६ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, पटावर येऊं इच्छिणारानें वैद्यक, शस्त्रवैद्यक आणि प्रसूतिशास्त्र या तिन्ही विषयांत उत्तीर्ण झालेंच पाहिजे. तोंवर एकाच अंगाचें शिक्षण घेतलेला मनुष्यही सर्व दुखण्यांवर हात चालवूं शकत असे.

तिसऱ्या विषयाबरोबर पुराव्याचें नवें माप आलें. बाळंतपण केवळ व्याख्यान ऐकून शिकतां येत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यानें ठराविक संख्येनें बाळंतपणें स्वतः हाताळल्याचा दाखला मागितला जाऊं लागला. महिन्यांच्या जोडीला आंकडा आला, आणि त्या आंकड्यानेंच हिंदुस्थानाशीं एक मोठा तंटा उभा राहिला.

मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें होतें. पुढें हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना ब्रिटनमध्यें मान्यता मिळाली, आणि त्या घेतलेल्यांस तेथील पटावर नांव घालतां येऊं लागलें. परंतु १९२० नंतरच्या दशकांत हिंदी विद्यार्थ्यांचें प्रसूतीचें प्रत्यक्ष शिक्षण अपुरें असल्याचा आक्षेप लंडनच्या कौन्सिलनें घेतला. या आक्षेपाच्या मुळाशीं कांहीं सत्य होतें, परंतु त्याचें कारण विद्यार्थ्यांच्या आळसांत शोधण्याजोगें नव्हतें. त्या काळीं घरोघर बाळंतपण होई तें माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलींत आणि सुईणीच्या हातून. रुग्णालयांत येणाऱ्या स्त्रिया थोड्या, शिकणारे पुरुष विद्यार्थी पुष्कळ, आणि परपुरुषासमोर येण्यास समाजाची मनाई. इंग्लंडच्या शहरांना बेतून केलेला आंकडा अशा परिस्थितींत मुंबई-कलकत्त्यास पुरा करणें सोपें नव्हतें.

वादाचें दुसरें अंग याहून नाजूक होतें. या शिक्षणाची व परीक्षांची तपासणी कोणी करावी? लंडनहून आलेल्या निरीक्षकानें हिंदी महाविद्यालयांची झडती घ्यावी, ही कल्पना येथील डॉक्टरांना मानहानीची वाटली. अखेर १९३० सालीं कौन्सिलनें हिंदी पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यावर येथें मोठी खळबळ उडाली, आणि तिचा परिणाम म्हणून १९३३ सालीं ‘इंडियन मेडिकल कौन्सिल’चा कायदा झाला. आपल्या डॉक्टरांच्या शिक्षणाचा दर्जा पाहण्याचें काम करणारी अखिल भारतीय संस्था या देशास मिळाली ती या भांडणांतून. नोंदवहींतला आंकडा लहान असला, तरी तो मोजण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न लहान नसतो, हें त्या पिढीनें चांगलें ओळखलें होतें.

इकडे ब्रिटनमध्यें निराळीच उणीव जाणवूं लागली होती. परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण दुसऱ्याच दिवशीं दारावर पाटी लावूं शके. त्यानें एकट्यानें रात्रपाळी कधीं सांभाळली होती कीं नाहीं, याची चौकशी करण्याचा कायद्याला अधिकार नव्हता. दुसरें महायुद्ध चालू असतां १९४४ सालीं गुडइनफ समितीनें शिफारस केली कीं, पदवीनंतर रुग्णालयांत राहून काम केल्यावांचून कोणासही स्वतंत्र व्यवसाय करूं देऊं नये. १९५० च्या वैद्यक कायद्यानें ती उचलली आणि १९५३ पासून ती अमलांत आली. नव्या पदवीधरास प्रथम तात्पुरती नोंदणी मिळे. वर्षभर रुग्णालयांत निवासी डॉक्टर म्हणून काम केल्याचा दाखला आणला म्हणजे पूर्ण नोंदणी होई.

सुधारणा मोठी होती. परंतु कीट्सच्या काळची जुनी खोड तिच्यांत शिल्लकच राहिली. वर्षाच्या अखेरीस वरिष्ठ डॉक्टर कागदावर सही करी, आणि त्या सहीचा अर्थ, या तरुणानें येथें इतके महिने समाधानकारक काम केलें, एवढाच असे. त्यानें कोणतीं कामें नीट केलीं, कोणतीं भीत भीत केलीं आणि कोणतीं त्याला कोणी दाखविलींच नाहींत, याविषयीं कागद मुका असे. पुष्कळ गोष्टी त्यानें मध्यरात्रीं, शेजारीं कोणी नसतां, रुग्णाच्या खाटेशींच शिकलेल्या असत. पहिल्या वर्षानंतरचीं वर्षें तर याहूनही विस्कळीत. सर लियाम डोनल्डसन यांनीं २००२ सालीं सादर केलेल्या अहवालांत या कनिष्ठ डॉक्टरांच्या अव्यवस्थित शिक्षणावर बोट ठेवलें, आणि त्या विचारांतून ऑगस्ट २००५ मध्यें ‘फाउंडेशन प्रोग्राम’ हा दोन वर्षांचा पायाभूत प्रशिक्षणक्रम संबंध देशांत सुरू झाला.

या क्रमानें पुराव्याची तऱ्हाच बदलली. नव्या डॉक्टरसाठीं प्रथमच लेखी अभ्यासक्रम तयार झाला, आणि त्यांतील प्रत्येक कलमापुढें पुरावा जोडण्यासाठीं ‘पोर्टफोलिओ’ नांवाची नोंदवही आली. पुढें ती कागदावरून संगणकावर गेली. केवळ सहीऐवजीं आतां प्रत्यक्ष पाहण्याला महत्त्व आलें. वरिष्ठ डॉक्टर कांहीं मिनिटें शेजारीं उभा राहतो. तरुण डॉक्टर रुग्णाला प्रश्न कसे विचारतो, छाती कशी तपासतो, शीर कशी शोधतो, हें पाहतो. मग तेथल्या तेथें काय साधलें व काय चुकलें तें सांगतो आणि वहींत लिहितो. एखाद्या रुग्णाविषयीं घेतलेल्या निर्णयाची कारणें विचारून चर्चा करणें, सहकाऱ्यांचें व परिचारिकांचें मत घेणें, हेंही त्यांत आलें. वर्षाच्या शेवटीं एक मंडळ ही सगळी वही पाहून पुढें जाण्यास संमति देतें.

कल्पना उत्तम होती. पण उत्तम कल्पनेलाही कारकुनी चिकटते. कलमें पुष्कळ, पुरावे त्याहून पुष्कळ, आणि वरिष्ठांस वेळ थोडा. मग मूल्यमापनाचे कागद वर्षअखेरीस घाईनें गोळा होऊं लागले. कित्येक आठवड्यांपूर्वीं पाहिलेल्या प्रसंगावर आठवणीनें अभिप्राय लिहिले जाऊं लागले. प्राध्यापक जॉन कॉलिन्स यांच्या २०१० च्या अहवालानें या क्रमांतील मूल्यमापनाचें ओझें जास्त झालें आहे असें स्पष्टपणें सांगितलें. २०१२ च्या अभ्यासक्रमांत त्याप्रमाणें बदल झाला. रुग्णाजवळच्या या प्रसंगांना गुण देण्याचें सोडून त्यांना शिकण्याचे प्रसंग मानावें, आणि शेरा देण्यापेक्षां संवादावर भर द्यावा, असें ठरलें.

मात्र या वहीची सर्वांत कठीण कसोटी अजून यावयाची होती. पोर्टफोलिओंत नुसती केलेल्या कामांची यादी नसते. जें घडलें त्यावर मागें वळून विचार करावा, आपलें कोठें चुकलें तें आपल्या शब्दांत लिहावें, अशी तिची अपेक्षा असते. हें एका अर्थीं कबुलीचें लेखन आहे, आणि कबुलीला विश्वासाची भूमि लागते. २०११ सालीं लेस्टर येथील रुग्णालयांत सहा वर्षांचा एक मुलगा जंतुदोषानें दगावला. त्याच्यावर उपचार करणारी बालरोगविभागांतील प्रशिक्षणार्थी डॉक्टर नवशिकी नव्हती. परंतु दीर्घ रजेनंतर नुकतीच कामावर आलेली होती, आणि त्या दिवशीं विभागांत माणसें कमी होतीं व संगणकव्यवस्थाही बंद पडली होती. २०१५ सालीं ज्यूरीनें तिला घोर हयगयीनें मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविलें. जानेवारी २०१८ मध्यें उच्च न्यायालयानें तिचें नांव नोंदणीपटावरून काढण्याचा हुकूम दिला. ऑगस्टमध्यें अपील न्यायालयानें तो फिरवला.

एका कुटुंबाचा मुलगा गेला होता, आणि त्या दुःखापुढें कोणताही युक्तिवाद तोकडाच पडतो. परंतु या खटल्यानें तरुण डॉक्टरांत एक निराळी भीति पसरली: आपण वहींत प्रामाणिकपणें लिहिलेली चूक उद्यां आपल्याच विरुद्ध वाचली जाईल काय? त्या डॉक्टरचा पोर्टफोलिओ ज्यूरीपुढें पुरावा म्हणून ठेवला गेला नव्हता, असा खुलासा तिच्या बचावाची बाजू सांभाळणाऱ्या संस्थेनें केला. पण भीति खुलाशासाठीं थांबत नाहीं. चुका लिहावयाच्या कीं गिळावयाच्या, असा विचार अनेकांच्या मनांत आला. आणि गिळलेली चूक दुसऱ्या कोणाला कांहींच शिकवीत नाहीं. सप्टेंबर २०१८ मध्यें कौन्सिलनें इतर वैद्यकीय संस्थांसह मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. रुग्णाची ओळख पटेल असें लिहूं नये, घटनेच्या तपशिलापेक्षां तींतून मिळालेल्या धड्यावर भर द्यावा, आणि डॉक्टरची चौकशी करतांना कौन्सिल स्वतः अशीं चिंतनाचीं टिपणें मागणार नाहीं, असें त्यांत सांगितलें. न्यायालय मात्र तीं मागूं शकतें, हेंही त्यांत दडवून ठेवलें नाहीं.

ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमानें कलमांचें जंगल बरेंच तोडलें. तीन मुख्य उद्दिष्टें आणि त्यांखालीं तेरा क्षमता, एवढ्यांत सर्व मांडणी बसविली. तींतही वरिष्ठानें डोळ्यांनीं पाहिलेल्या कामाच्या पुराव्याला अधिक वजन आहे. भारतांतही २०२१ च्या नियमांनीं पदवीनंतरची एक वर्षाची आंतरवासिता सक्तीची ठेवून तिच्या कामाची नोंदवही ठेवण्यास सांगितलें आहे. १९३० सालीं ज्या नोंदीच्या आंकड्यावरून समुद्रापलीकडून निकाल आला, तशी नोंद आज महाराष्ट्रांतील आंतरवासी डॉक्टर आपल्याच देशाच्या नियमांखालीं ठेवतो.

दोनशें वर्षांत पुराव्याचें माप अशा रीतीनें बदलत आलें. प्रथम महिने मोजले, मग बाळंतपणें मोजलीं, मग वर्षाच्या शेवटची सही आली, पुढें प्रत्यक्ष पाहणें आलें, आणि शेवटीं स्वतःच्या चुकीविषयीं स्वतः लिहिणें आलें. प्रत्येक पायरीवर नोंद रुग्णाच्या खाटेच्या अधिक जवळ गेली, आणि प्रत्येक पायरीवर ती खोटी होण्याची वाटही सोपी झाली. कारण महिने दिनदर्शिकेवरून ताडतां येतात, पण मनांतला विचार ताडून पाहण्यास दुसरें साधन नाहीं. म्हणून या वहीचें मोल तिच्या रकान्यांवर ठरत नाहीं. सही करणारानें खरोखरच शेजारीं उभें राहून पाहिलें काय, आणि लिहिणारास आपली चूक लिहिण्याचें धैर्य व अभय होतें काय, या दोन गोष्टींवर तें ठरतें. रात्रीं दोन वाजतां वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आईला ती वही कधींच दिसत नाहीं. परंतु आंत तिच्या मुलाजवळ जो तरुण डॉक्टर उभा असतो, त्याच्या हातावरचा तिचा विश्वास त्या दोन गोष्टींच्या आधारावरच उभा असतो.