लुई प्रिमा व कीली स्मिथ : मौनाचे एक साधन

१९५४ च्या अखेरीस लास व्हेगास येथील सहारा हॉटेलच्या ‘कॅस्बार लाउंज’मध्ये लुई प्रिमा व कीली स्मिथ या गायक दांपत्याचे कार्यक्रम सुरू झाले. लाउंज म्हणजे हॉटेलचे मुख्य नाट्यगृह नव्हे. जुगाराच्या दालनाला लागून असलेली ती मद्यपानाची जागा होय. खेळणाऱ्यांना रात्रभर इमारतीतच रमविणे हा तेथील गायनामागील व्यावहारिक हेतू होता. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत प्रयोगामागून प्रयोग होत. श्रोता केव्हाही उठून जाण्यास मोकळा असल्यामुळे त्याला क्षणोक्षणी बांधून ठेवणे कलावंतांना भाग होते.

प्रिमा (१९१०–१९७८) हा न्यू ऑर्लीन्समधील सिसिलियन वंशाचा ट्रम्पेटवादक. १९३६ मध्ये ‘सिंग, सिंग, सिंग’ या रचनेने त्याचे नाव झाले होते. परंतु युद्धोत्तर काळात मोठ्या वाद्यवृंदांना उतरती कळा लागली. कीली (१९२८–२०१७) त्याच्या वृंदात १९४८ मध्ये आली. १९५३ मध्ये त्यांचा विवाह झाला. लास व्हेगासमध्ये सॅक्सोफोनवादक सॅम बुटेरा त्यांना येऊन मिळाला.

भाषेच्या अभ्यासकाला प्रिमाचे गायन विशेष उद्बोधक वाटेल. इंग्रजी वाक्यात तो सिसिलियन बोलीतील शब्द व निरर्थक अक्षरे यांची बेमालूम भर घाली. अर्थ दुय्यम ठरे. आघात आणि लय प्रधान होत. या वाक्प्रवाहास कीलीचे उत्तर मात्र शब्दांत नसे. प्रिमा रंगमंचभर धावत असता ती निर्विकार मुद्रेने स्तब्ध उभी राही. श्रोते हसत, ते या विरोधामुळे. संवादात मौनही एक उक्ती असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

येथेच इतिहासलेखनाचा प्रश्न उद्भवतो. १९५६ चे ‘द वाइल्डेस्ट!’ हे ध्वनिमुद्रण प्रिमाचा आवेश जतन करते. कीलीची मुद्रा ध्वनिमुद्रिकेत उतरत नाही. केवळ ध्वनिमुद्रिकेवर विसंबणाऱ्यास ती साहाय्यक गायिका भासेल. तो ग्रह चुकीचा होय. १९५७ च्या ‘आय विश यू लव्ह’ या स्वतंत्र संग्रहात तिच्या गंभीर गायकीचा प्रत्यय येतो. म्हणजेच तिचे मौन हे असमर्थतेतून आलेले नसून योजलेले होते. ‘दॅट ओल्ड ब्लॅक मॅजिक’ या गीतासाठी १९५९ च्या पहिल्या ग्रॅमी समारंभात पारितोषिक मिळाले, ते दोघांना मिळून, आणि तेही समूहगायनाच्या वर्गात.

आणखी एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. हे संगीत ज्या जाझवर पोसले, तो प्रामुख्याने न्यू ऑर्लीन्सच्या कृष्णवर्णीयांचा वारसा. पण मार्च १९६० मधील समझोत्यापर्यंत तेथील बड्या कॅसिनोंची दारे कृष्णवर्णीय ग्राहकांना सामान्यतः बंद होती. लाउंजमधील मुक्त हास्याला ही मर्यादा होती.

१९६१ मध्ये दांपत्याचा घटस्फोट झाला. त्यांच्या कलेचा इतिहास लिहिताना जे ऐकू येते त्याबरोबरच जे ऐकू येत नाही त्याचीही नोंद घेतली पाहिजे. अन्यथा दोघांच्या निर्मितीचे श्रेय एकाच्याच नावे जमा होईल.